ताडोब्याला जाताना बॅगेत काय भरावं

एप्रिल-मेमध्ये वाघाचे फोटो काढायला ताडोब्याला निघालेल्यांचा ठरलेला प्रश्न असतो: ६०० मिमीची लेन्स (मिमीचा आकडा मोठा तितकं लांबचं जवळ दिसतं) पुरेल का? खरं तर अडचण उलट बाजूने येते. उन्हाळ्यात वाघ पाणवठ्याकडे जाताना बऱ्याचदा कच्च्या रस्त्यानेच चालतात, जिप्सींना ते सरावलेले असतात, आणि बघता बघता गाडीपासून दहा-पंधरा मीटरवर येतात.

हिशोब करून बघा. फुल फ्रेम, म्हणजे मोठ्या आकाराच्या सेन्सरची (कॅमेऱ्यातल्या प्रकाश टिपणाऱ्या पट्टीची) रुंदी ३६ मिमी. ६०० मिमीवर, १५ मीटर अंतरावरची जेमतेम ९० सेंटिमीटर रुंदी फ्रेममध्ये मावते. म्हणजे तोंड आणि खांदे. आडवा चाललेला मोठा वाघ शेपटीसकट अडीच-पावणेतीन मीटर भरतो. तो अख्खा हवा असेल तर २०० मिमीवर यावं लागतं, तेही काठोकाठ. १.५ क्रॉपच्या, म्हणजे दीडपट लहान सेन्सरच्या कॅमेऱ्यावर २०० मिमीला १.८ मीटरच मिळतात, शेपूट बाहेर. वाघ सहा मीटरवर आला की ७० मिमी लागते. मोबाइलवर काढू म्हणाल, तर कोअरमध्ये (जंगलाच्या आतल्या संरक्षित भागात) पर्यटकांना मोबाइल नेता येत नाही.

त्यामुळे दोन बॉडी (लेन्स सोडून नुसते कॅमेरे) असतील तर एकीवर लांब झूम आणि दुसरीवर ७०-२०० एफ ४ (एफचा आकडा लहान तितका उजेड जास्त) किंवा २४-१२०. बॉडी एकच असेल तर १००-४०० किंवा १००-५०० घ्या, १५०-६०० नको. ६०० मिमी खऱ्या अर्थाने कामी येते ती पक्ष्यांसाठी आणि तळ्याच्या पलीकडच्या काठावरच्या जनावरांसाठी. शिवाय जिप्सीतून आपण वरून खाली बघत असतो. जनावर तीस मीटरवर असताना तो कोन बराच सपाट होतो आणि फोटो डोळ्याच्या पातळीवरून घेतल्यासारखा वाटतो. लांब लेन्सचा हा फायदा मात्र खरा.

झूम निवडताना आणखी एक गोष्ट बघा: झूम करताना नळी बाहेर येते का? सोनीची २००-६०० आणि निकॉनची झेड १८०-६०० आतल्या आत झूम होतात, लांबी बदलत नाही. सिग्मा-टॅमरॉनच्या १५०-६०० आणि निकॉनची जुनी २००-५०० यांची नळी पुढे सरकते, आणि मागे घेताना तिच्यावर बसलेली धूळ आत जाऊ शकते. मे महिन्यातला रस्ता म्हणजे नुसता फुफाटा असतो. पुढची जिप्सी गेली की काही सेकंद समोरचं काहीच दिसत नाही. अशा वेळी लेन्स बदलणं म्हणजे सेन्सरवर स्वतःच्या हाताने माती टाकणं. दुसरी बॉडी चैनीसाठी नाही, यासाठी लागते. ती नसेल तर गेटवर जी लेन्स लावाल तीच सफारी संपेपर्यंत राहू द्या. दोन बघण्यांच्या मध्ये कॅमेऱ्यावर सुती पंचा टाकून ठेवा.

उजेडाचंही तसंच. पहाटे गेट उघडल्यावरची पहिली वीस-पंचवीस मिनिटं, त्यात बांबूची सावली. एफ ६.३ वर आयएसओ (सेन्सरची उजेडाला संवेदनशीलता) ६४०० ठेवूनही शटर १/२५० सेकंदाच्या आसपासच घुटमळतं. बसलेल्या वाघाला ते चालतं. चालणाऱ्याला १/५०० तरी हवं, आणि रानकुत्री पळत असतील तर १/२०००. एफ २.८ ची लेन्स सव्वादोन स्टॉप (एक स्टॉप म्हणजे दुप्पट उजेड) देते, पण तिची किंमत आणि वजन बघता ती भाड्याने आणणंच शहाणपणाचं. भाड्याची लेन्स सफारीच्या आदल्या दिवशी नव्हे, दोन-तीन दिवस आधी घ्या आणि आपल्याच बॉडीवर फोकस तपासा. डीएसएलआरवर (आरशाच्या कॅमेऱ्यावर) लेन्स आणि बॉडीचं जमत नसेल तर फोकस थोडा पुढे किंवा मागे पडतो. १.४ चा टेलिकन्व्हर्टर (लेन्सचे मिमी वाढवणारा जोड) घरीच ठेवा. एफ ६.३ चं एफ ९ होतं आणि पहाटेचा फोकस चाचपडत बसतो.

साडेआठ-नऊनंतर वेगळीच तक्रार सुरू होते: फोटो शार्प येत नाहीत. दोष बहुतेक वेळा लेन्सचा नसतो. तापलेल्या जमिनीवरची हवा थरथरते, आणि पन्नास मीटरपलीकडचं काहीही मऊ येतं. महाग काचेनेही ते सुधारत नाही. जवळ येण्याची वाट बघा, नाहीतर कॅमेरा खाली ठेवून जंगल बघा.

निसर्गचित्रांसाठी कोअरमध्ये गाडीतून उतरता येत नाही, म्हणून ट्रायपॉड तिथे निरुपयोगी. तो खोलीवर असू द्या आणि संध्याकाळी सफारीनंतर मोहर्लीजवळच्या इरई जलाशयाच्या काठी, जिथे जायला परवानगी आहे तिथे वापरा. १६-३५ किंवा किटची (कॅमेऱ्यासोबत मिळणारी) १८-५५, एफ ८, दोन सेकंदांचा टायमर, स्टॅबिलायझेशन बंद. पोलरायझर फिल्टर पाण्यावरची चकाकी मारतो, पण दीड-दोन स्टॉप खातो. वाघाच्या वेळी तो काढायला विसरलात तर पहाट गेलीच म्हणा.

कार्डांचा अंदाज लोकांचा हमखास चुकतो. ४५ मेगापिक्सेलची रॉ (प्रक्रिया न केलेली) फाइल साधारण ५० एमबी, सेकंदाला दहा फ्रेम म्हणजे ५०० एमबी. ६४ जीबीचं कार्ड दोन मिनिटं बटण दाबून धरण्यात संपतं. कार्ड संथ असेल तर त्याआधीच बफर (कॅमेऱ्याची तात्पुरती मेमरी) भरतो आणि वाघ रस्ता ओलांडत असताना कॅमेरा गप्प बसतो. मिररलेसला (बिनआरशाच्या कॅमेऱ्याला) प्रत्येक बॉडीमागे तीन बॅटऱ्या ठेवा. विमानाने नागपूरला येत असाल तर सुट्या बॅटऱ्या हातातल्या बॅगेतच हव्यात, चेक-इनमध्ये चालत नाहीत.

शेवटी सगळ्यात स्वस्त वस्तू: बीनबॅग, म्हणजे लेन्स टेकवायची दाण्यांनी भरलेली उशी. दोन किलोच्या लेन्सला जिप्सीच्या लोखंडी दांड्यावर थेट टेकवलं तर इंजिनाची थरथर सरळ फोटोत उतरते. ड्रायव्हरदादांना इंजिन बंद करायला सांगाच, पण गाडीतला एकजण हलला तरी सगळी गाडी हलते. जुन्या जीन्सचा पाय कापून दोन्ही टोकं शिवली की काम होतं, एका टोकाला चेन लावा. रिकामी न्या आणि तिथल्या गावात दोन किलो तांदूळ घ्या. थर्माकोलचे दाणे हलके असतात, पण करकरतात. तांदूळ आधी प्लास्टिकच्या पिशवीत बांधून मग आत घाला आणि पाऊण भागच भरा. ठासून भरलेली बॅग दांड्यावर बसत नाही, घसरते. पिशवीतला तांदूळ स्वच्छ राहतो, निघताना रिसॉर्टच्या स्वयंपाकघरात देऊन टाकता येतो.