बारा फोटोंचा रोल

१९८४ साली मी नववीत होतो. त्या वर्षी चित्रकलेच्या सरांनी शाळेचा कॅमेरा माझ्या हातात दिला आणि महिनाभर त्यात रोलच घातला नाही. मधल्या सुट्टीत रिकामा कॅमेरा घेऊन मैदानावर जायचं, कोपरं बरगडीला टेकवायची, अर्धा श्वास सोडायचा आणि हळू बटण दाबायचं. दाबताना हात हलला की सर लांबूनच म्हणायचे, "हललं रे. परत."

कॅमेरा बडोद्यात बनलेला आगफा क्लिक थ्री. शटरचा वेग एकच, तोही मंद. उजेडासाठी ऊन आणि ढग अशा खुणा. फोकस करायची सोय नाही, त्यामुळे माणूस दहा फुटांच्या आत आला की धूसर. म्हणून पावलं मोजायची सवय सरांनी लावली. एका रोलवर १२ चौकोनी फोटो. मागच्या तांबड्या खिडकीत फिल्मच्या पाठच्या कागदावरचा आकडा दिसेपर्यंत रोल पुढे फिरवायचा. प्रत्येक फोटोची वहीत नोंद: आकडा, वेळ, ऊन की ढग. रोलचे पैसे सर स्वतःच्या खिशातून भरायचे, हे मला फार उशिरा कळलं.

एकदा त्यांनी आम्हा चौघांना कोल्हापुरातल्याच खरी कॉर्नरच्या कॅमेरा स्तंभापाशी नेलं. बाबूराव पेंटरांनी याच गावात स्वतःचा कॅमेरा तयार केला आणि १९२० साली 'सैरंध्री' हा मूकपट पडद्यावर आणला, हे सांगताना सरांचा आवाज बदलला होता. त्या दिवसानंतर हातातल्या साध्या डब्याकडे आम्ही निराळ्या नजरेने पाहू लागलो.

जपणूक मात्र सगळी पावसाळ्यापासून. कोल्हापूरचा पाऊस ज्यांनी पाहिलाय त्यांना वेगळं सांगायला नको. जुलैत कपाटातल्या वह्यांनाही बुरशी यायची. लेन्सला बुरशी लागली की आत कोळ्याच्या जाळ्यासारखे तंतू पसरतात, आणि एकदा काचेवर डाग उमटला की तो जात नाही. म्हणून पाऊस सुरू झाला की कॅमेरा कातडी पिशवीतून बाहेर निघायचा, कारण कातडं ओल धरून ठेवतं. मग तो बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात, सोबत सिलिका जेलची पुरचुंडी. निळे दाणे गुलाबी झाले की शिपाईमामा ते आपल्या स्टोव्हवर तव्यात तापवून पुन्हा निळे करून द्यायचे. लेन्स पुसायला सरांच्या वडिलांच्या जुन्या धोतराचा तुकडा होता. आधी रबरी फुग्याने धूळ उडवायची, मगच कापड. धुळीसकट पुसलं तर काचेवर ओरखडे येतात.

रोल धुवायचा सरांच्या घरी, मंगळवार पेठेत, न्हाणीघरात. दाराच्या फटींना गोधडी लावून गुडूप अंधार. फिल्मची दोन टोकं दोन हातांत धरून ती डेव्हलपरच्या ट्रेमधून झोक्यासारखी वरखाली करायची, सर अंधारात मिनिटं मोजत असायचे. मग व्हिनेगरसारख्या वासाचं पाणी, मग चित्र पक्कं करणारा हायपो. दिवा लागला की ओल्या फिल्मवर उलटे, काळ्या चेहऱ्यांचे आपलेच मित्र. अर्धा तास नळाखाली धुवून ती फिल्म कपड्यांच्या दोरीवर चिमट्यांनी लटकायची. ती सुकेपर्यंत सरांच्या आई कोणालाही अंगणात झाडू मारू द्यायच्या नाहीत.

त्या डिसेंबरात सहल पन्हाळ्याला गेली. परतायच्या आधी अंबरखान्याच्या पायऱ्यांवर सगळ्यांना उभं केलं. मामा बाजूला थांबले होते. "माझा कशाला फोटू, पोरांचा काढ की," म्हणत होते. आम्ही त्यांना ओढून मागच्या ओळीत उभं केलं. बारावा फोटो.

रोल संपल्यावर कॅमेरा सावलीत उघडायचा, कागद अंगठ्याने घट्ट धरून गुंडाळायचा आणि डिंकाची पट्टी जिभेने ओली करून चिकटवायची. मला हे पाठ होतं. पण गाडी हॉर्न देत होती. मी भर उन्हात कॅमेरा उघडला, गुंडाळी बोटांतून सुटली आणि कागद सैल झाला. घट्ट केला, पण तोवर कडेने उजेड आत शिरला होता. बारावा फोटो शेवटचा, म्हणून गुंडाळीत सगळ्यांत बाहेरचा. निगेटिव्हच्या वरच्या कडेला काळा पट्टा आला आणि प्रिंटवर तिथे पांढरा धुरळा. मागच्या ओळीतल्या तिघांचे चेहरे त्यात गेले. दोघांचे फोटो नंतर पुष्कळ निघाले. मामा पुढच्याच उन्हाळ्यात निवृत्त होऊन गावी गेले, आणि माझ्या माहितीत शाळेत त्यांचा दुसरा फोटो नाही.

सर रागावले नाहीत. वहीत बाराव्या आकड्यापुढे त्यांनी माझ्याकडून लिहून घेतलं: 'ऊन. रोल उन्हात बदलला.' ती वही आजही माझ्याकडे आहे.

या स्मरणिकेसाठी मी तोच फोटो पाठवला आहे. संपादक मंडळाला एकच विनंती, वरची कड कापू नका. मागच्या ओळीत डावीकडून चौथे, पांढऱ्या पट्ट्याखाली ज्यांचा फक्त खाकी सदरा आणि छातीशी धरलेली टोपी दिसते, ते आपले मामा. फोटोखाली त्यांचं नाव पूर्ण छापा.