दाखल क्रमांकांच्या तारखा होतात तेव्हा

संग्रहालयातील कर्मचाऱ्यांना डिजिटल कामाची सवय व्हावी म्हणून आमच्यासाठी दोन दिवसांची कार्यशाळा झाली. तीत आम्ही त्रिमितीय स्कॅन पाहिले, आभासी दालनांतून फिरून आलो आणि शेवटी प्रमाणपत्रेही घेतली. त्यानंतर आठवड्याभरात सुमारे चार हजार वस्तूंची दाखल नोंदवही (संग्रहालयात आलेल्या प्रत्येक वस्तूची दाखल क्रमांक देऊन जिथे नोंद होते ती वही) एक्सेलमध्ये उतरवून वरिष्ठ कार्यालयाच्या संगणक कक्षाकडे पाठवण्याचे काम आमच्यावर आले, आणि या कामात आम्ही जिथे अडकून पडलो, त्या गोष्टीचा कार्यशाळेत उल्लेखसुद्धा झालेला नव्हता.

वस्तूंची मापे, वर्णने आणि छायाचित्रे सुरळीत पार पडली, त्यामुळे त्यांविषयी फारसे सांगण्यासारखे नाही.

पहिली फाइल पाठवल्यावर नऊ दिवसांनी उत्तर आले: ‘दाखल क्रमांक अवैध.’ कोणत्या ओळीतला, किती ओळींतला आणि कशामुळे अवैध, यांपैकी काहीही त्यात नव्हते. दूरध्वनी केला तेव्हा नमुन्यासोबतच्या सूचना वाचण्यास सांगण्यात आले. त्या सूचनांत ‘क्रमांक योग्य स्वरूपात भरावा’ एवढे एकच वाक्य होते. चार हजार ओळी आम्ही दोनदा वरवर चाळल्या आणि आमचे काही चुकलेले नाही, असे मी काहीशा तोऱ्यात कळवून टाकले.

चूक सापडली ती आमच्या सर्वांत ज्येष्ठ सहकाऱ्यांना. माउसवर त्यांचा हात बसत नाही म्हणून मीच त्यांना फक्त नोंदवही वाचून दाखवण्याचे काम दिले होते. पडद्याकडे बघत ते म्हणाले, “अहो, १२/३ म्हणजे बाराव्या खंडातली तिसरी वस्तू, मातीचा दिवा. इथे १२ मार्च कुठून आला?” आमच्या पद्धतीत तिरप्या रेघेआधी खंड आणि नंतर त्यातील अनुक्रमांक येतो, एक्सेलला मात्र १२/३ म्हटले की तारीखच दिसते. २१४/३ सारख्या क्रमांकाची तारीख होऊ शकत नसल्यामुळे तो जसाच्या तसा राहतो, आणि म्हणूनच रकान्याचा मोठा भाग निर्दोष दिसत होता व बिघडलेला भाग आमच्या नजरेतून निसटला होता.

मग मी सर्वांत घाईची चूक केली. सगळा रकाना निवडला आणि त्याचे स्वरूप बदलून ‘टेक्स्ट’ केले. तारखा गेल्या, पण त्यांच्या जागी ४५३६३ यांसारखे आकडे उमटले, कारण एक्सेल तारीख साठवतो ती १ जानेवारी १९०० हा पहिला दिवस धरून मोजलेल्या दिवसांच्या संख्येत, आणि त्याच्या हिशेबात १२ मार्च २०२४ म्हणजे ४५३६३ वा दिवस. या आकड्यांवरून मूळ क्रमांक काढता आले असते. परंतु टंकन दोन संगणकांवर झाले होते, त्यांतील एकाची मांडणी दिवस-महिना अशी होती आणि दुसऱ्याची महिना-दिवस अशी. त्यामुळे एकाने १२/३ चा १२ मार्च केला होता, तर दुसऱ्याने ३ डिसेंबर. कोणती ओळ कोणत्या संगणकावर भरली, याची नोंद कोणीही ठेवली नव्हती. शेवटी बांधीव नोंदवही पुन्हा उघडून अकराशेहून अधिक क्रमांक हाताने भरावे लागले. स्वरूप ‘टेक्स्ट’ करायचे ते पहिला क्रमांक टंकण्याआधी, नंतर नाही.

आमच्या अज्ञानाची लाज वाटत असताना कळलेल्या एका गोष्टीने थोडा धीर आला: जनुकांच्या काही नावांचीही एक्सेल अशीच तारीख करत असे, आणि अखेर २०२० मध्ये जनुकांची नावे ठरवणाऱ्या समितीने ती नावेच बदलल्याचे जाहीर केले. आम्हाला नोंदवहीतले क्रमांक बदलण्याची मुभा नव्हती. ते वस्तूंवरही लिहिलेले असतात.

दुसरी फाइल परत आली तीही ‘दाखल क्रमांक अवैध’ हाच शेरा घेऊन. या वेळी दोष माझा होता. पाठवण्यासाठी सीएसव्ही, म्हणजे स्वल्पविरामांनी रकाने वेगळे केलेली साधी मजकूर फाइल, तयार केल्यावर ती नीट झाली आहे ना, हे पाहण्यासाठी मी तिच्यावर दोनदा क्लिक केले आणि बंद करताना सवयीने ‘सेव्ह’ केले. तेवढ्यात सगळ्या तारखा परतल्या. सीएसव्हीमध्ये रकान्याचे स्वरूप साठवलेले नसते, म्हणून ती तपासायची असल्यास नोटपॅडमध्ये उघडावी, किंवा एक्सेलमध्ये ‘डेटा’ विभागातून आणून तो रकाना ‘टेक्स्ट’ असल्याचे आधी सांगावे. तिसऱ्या वेळी क्रमांक शाबूत राहिले, पण मराठी वर्णनांच्या जागी प्रश्नचिन्हांच्या रांगा गेल्या, कारण मी साधी सीएसव्ही निवडली होती. देवनागरी अक्षरे जपणारा, यादीत ‘यूटीएफ-८’ असे लिहिलेला पर्याय वेगळा असतो.

छायाचित्रांविषयी एक गोष्ट आता आठवली: चौकटीत रंगपट्टी आणि मोजपट्टी ठेवाच, आणि फाइलच्या नावात दाखल क्रमांक घालताना तिरप्या रेघेऐवजी अधोरेघ वापरा, कारण विंडोजवर फाइलच्या नावात तिरपी रेघ चालत नाही.

चौथी फाइल पाठवण्यापूर्वी ज्येष्ठ सहकाऱ्यांनी कोणत्याही पन्नास ओळी निवडून त्या नोंदवहीशी ताडून पाहिल्या. कार्यशाळेत असा तास घेतला असता, तर माझ्या मते आभासी दालनांपेक्षा त्याचा अधिक उपयोग झाला असता. आता ते स्वतः रकान्यांचे स्वरूप ठरवून देतात आणि नव्याने आलेल्या मुलांना त्यांच्या परवानगीवाचून टंकनास हात लावता येत नाही.

पहिल्या उत्तरानंतर तब्बल अकरा आठवड्यांनी ‘स्वीकृत’ हा शब्द आला, तेव्हा मी त्या पत्राची प्रत काढून नोंदवहीच्या आतल्या पुठ्ठ्याला टाचून ठेवली. त्याच दिवशी, त्रुटी कळवताना ओळीचा क्रमांकही द्यावा, अशी विनंती मी कक्षाला लिहून पाठवली. सूचना विहित नमुन्यात सादर करावी, असे त्यांचे उत्तर आले आहे. तो नमुना मी अजून शोधतो आहे.