आमिश मुलांचे दुर्मीळ आजार: खरी लढाई तासांची

आमिश लोक, म्हणजे अमेरिकेतला जुन्या वळणाचा ख्रिश्चन पंथ, म्हटलं की घोडागाडी आणि विजेशिवायची घरं आठवतात, आणि हे लोक आधुनिक औषधोपचार नाकारतात असं सहज गृहीत धरलं जातं. तसं नाही. निदान घराजवळ झालं आणि खर्चाचा आकडा आधी कळला, तर अमेरिकेतली आमिश कुटुंबं यकृत प्रत्यारोपणालाही तयार होतात.

पेनसिल्व्हेनियातल्या लँकेस्टर परगण्यात हे दिसतं. होम्स आणि कॅरोलाइन मॉर्टन या दांपत्याने १९८९ मध्ये स्ट्रासबर्गला 'क्लिनिक फॉर स्पेशल चिल्ड्रन' सुरू केलं. त्याची लाकडी इमारत आमिश आणि मेनोनाइट (आमिशांच्याच धर्मपरंपरेतला पंथ) शेजाऱ्यांनी, एरवी गोठा उभारतात तशी एकत्र येऊन उभी केली. फिलाडेल्फियातली मोठी रुग्णालयं तिथून सुमारे १०० किलोमीटरवर. आमिशांनी मोटार स्वतःची ठेवायची नाही असा दंडक आहे, म्हणून प्रत्येक फेरीला बाहेरचा चालक पैसे देऊन बोलवावा लागतो.

अंतर इतकं का नडतं, ते 'मेपल सिरप' आजारात कळतं. ल्युसिनसारखी काही अमिनो आम्लं (प्रथिनांचे घटक) या मुलांच्या शरीरात मोडत नाहीत. एरवी हा आजार साधारण १,८५,००० जन्मांत एकाला होतो. आमिशांचे शेजारी असलेल्या जुन्या वळणाच्या मेनोनाइटांत ३८० जन्मांत एकाला. जन्मानंतर १२ ते २४ तासांत कानातल्या मळाला पाकासारखा वास येतो, दोन-तीन दिवसांत बाळ दूध नाकारतं, चौथ्या-पाचव्या दिवशी मेंदूवर परिणाम दिसू लागतो. बाळंतपण बऱ्याचदा सुईणीच्या हातून घरीच होतं. टाचेतल्या रक्ताचे थेंब कागदावर घेऊन टपालाने दूरच्या प्रयोगशाळेत पाठवले, तर उत्तर येईपर्यंत बाळ गुंगीत गेलेलं असू शकतं. त्यामुळे अमिनो आम्लं मोजायचं यंत्र गावातच हवं, आणि घरात आधीचं बाधित मूल असेल तर पहिल्याच दिवशी तपासणी हवी. इथे आणखी एक चूक महागात पडते: शिरेतून पातळ, कमी मिठाचं सलाइन दिलं तर मेंदूची सूज वाढते.

ग्लुटारिक अ‍ॅसिड्युरिया प्रकार १ हा आमिशांत जास्त आढळणारा आजार. बाळ जन्मतः ठणठणीत दिसतं. मग साध्या तापाने किंवा उलट्यांनी मेंदूच्या आतल्या भागाला इजा होते आणि मूल कायमचं जखडतं. बहुतेक इजा ३ ते १८ महिन्यांच्या वयात होतात. उपाय म्हणजे लायसिन हे अमिनो आम्ल कमी असलेली दूधभुकटी आणि आजारपणात ताबडतोब शिरेतून ग्लुकोज. 'रात्री ताप उतरतो का बघू' हे इथे चालत नाही. आईच्या हातात लेखी सूचनापत्र असायला हवं आणि जवळच्या रुग्णालयातही त्याची प्रत हवी, नाहीतर रात्रपाळीचा डॉक्टर ते पहिल्यांदाच वाचत बसतो.

निरोपाचीही अडचण असते. फोन घरात नसतो, वाटेवरच्या सामाईक खोपटात असतो. तातडीचा अहवाल तिथल्या निरोप नोंदवणाऱ्या यंत्रावर ठेवून निर्धास्त झालात, तर तो दुसऱ्या दिवशी ऐकला जाईल. नोंदणीच्या वेळीच शेजाऱ्याचा आणि चालकाचा क्रमांक घ्यावा. लहान मुलं घरी पेनसिल्व्हेनिया जर्मन बोलतात, इंग्रजी शाळेत शिकतात. तपासताना प्रश्न आईमार्फत विचारावे.

पैशाचं गणित वेगळंच. बहुतेक आमिश व्यावसायिक विमा घेत नाहीत. स्वयंरोजगार करणाऱ्या आमिशांना १९६५ पासून सामाजिक सुरक्षा करातून सूट आहे. बिल स्वतः, चर्चच्या मंडळीच्या मदतनिधीतून किंवा गोधड्या-फर्निचरच्या लिलावातून भरतात. रुग्णालयाचा छापील दर मात्र विमा कंपन्यांशी घासाघीस होणार हे धरून ठरलेला असतो, आणि रोख देणाऱ्याच्या माथी तोच पडतो. दाखल होण्याआधी एकत्रित दर लेखी मागावा. मंडळीचा डीकन (मदतनिधी पाहणारा सेवक) सोबत असेल तर बोलणी सोपी होतात. पण मज्जातंतूंच्या एसएमए आजारावरचं झोल्जेन्स्मा हे औषध २०१९ मध्ये मंजूर झालं ते एका मात्रेला २१.२५ लाख डॉलर भावाने. ते लिलावांच्या आवाक्यातलं नाही; तिथे सरकारी योजना किंवा औषध कंपनीशी वाटाघाटी हेच मार्ग उरतात.

क्रिगलर-नज्जार कावीळ (यकृताच्या जन्मजात दोषामुळे होणारी) असलेली मुलं रोज १० ते १२ तास निळ्या दिव्यांखाली झोपतात. वीज नसलेल्या घरात जनरेटर किंवा बॅटरीची सोय आधी करावी लागते. मूल वाढतं तशी कातडी जाड होते, वजनाच्या मानाने तिचा पृष्ठभाग कमी पडतो आणि दिवे पुरत नाहीत. म्हणून प्रत्यारोपणाचा विषय किशोरवयाच्या आधीच काढावा लागतो.