'बी' म्हणजे काय?

बुधवार, 26 फेब्रुवारी 2020. साउथ कॅरोलायना राज्यातलं ऑरेंजबर्ग. शनिवारी डेमोक्रॅटिक पक्षाची प्रायमरी होती, म्हणजे पक्षाचा राष्ट्राध्यक्षपदाचा उमेदवार ठरवणारं मतदान. सहा आठवडे ऑफिसात बसून याद्या काढणाऱ्या मला त्या दिवशी क्लिपबोर्ड देऊन दारोदार पाठवलं, कारण माणसं कमी पडली होती. आमच्या उमेदवाराचं नाव सांगत नाही. ते निवडून आले नाहीत, एवढं पुरे.

माझं काम डेटाचं. बाहेरच्याला वाटतं मोहीम म्हणजे भाषणं, झेंडे, घोषणा. प्रत्यक्षात ती एक भलीमोठी मतदारयादी असते आणि तिचे रोज तुकडे पाडायचे असतात. या तुकड्याला 'टर्फ' म्हणतात: एका माणसाला तीन तासांत पायी उरकतील एवढी घरं. टर्फ पाडणं ही कला आहे असं मी म्हटलं की घरचे हसतात. पण मधे ओढा आहे का, रस्त्याची एकच बाजू घ्यायची की दोन्ही, ट्रेलर पार्कमधले घरक्रमांक सलग आहेत का, हे न बघता नकाशावर रेघ मारली तर कार्यकर्ता दुसऱ्या दिवशी येत नाही. वरच्या लोकांना हे कधी कळलं नाही. त्यांना फक्त 'आज किती दारं वाजवली' हा आकडा हवा असायचा.

साउथ कॅरोलायनात मतदार पक्षाच्या नावाने नोंद करत नाहीत. नोंदणी असलेला कुणीही येऊन प्रायमरीत मत देऊ शकतो. मग डेमोक्रॅट कोण, हे ओळखायचं कसं? आधी कुठल्या प्रायमरीत मत दिलं ते बघायचं, आणि दुसरा आधार वंशाच्या रकान्याचा, कारण इथले बहुतेक कृष्णवर्णीय डेमोक्रॅट. इथल्या नोंदणी फॉर्मवर वंश विचारतात आणि तो मतदारांच्या फाइलमध्ये येतो. राज्य निवडणूक आयोगाच्या आकडेवारीत तर दोनच खाने: व्हाइट आणि नॉन-व्हाइट. म्हणजे ऑरेंजबर्गची निवृत्त शिक्षिका, हायवे 301 वर मोटेल चालवणारे पटेलकाका आणि इथे राहायला आले तर सांगलीची मी, तिघं एका खान्यात.

हा रकाना पहिल्यांदा पाहिला तेव्हा मला बाबा आठवले. आमच्या तालुक्यात निवडणूक लागली की आमच्या ओसरीवर मतदारयादीचं वाचन चालायचं. यादीत जात छापलेली नसते. पण वाचणारा आडनाव उच्चारायचा, बाकीचे 'हं, ही अमक्यांची भावकी' म्हणायचे, आणि बाबा समासात पेन्सिलीने खूण करायचे. बरोबर, फुली, प्रश्नचिन्ह. सरकारने न छापलेला रकाना आम्ही हाताने भरायचो. इथे तो छापूनच येत होता. तसा त्याचा उपयोगही झालेला आहे: 1965 च्या मतदान हक्क कायद्याच्या काळात कुणाला नोंदणीपासून अडवलं जातंय, हे असल्याच आकड्यांवरून दिसायचं. त्या कायद्याविरुद्ध सुप्रीम कोर्टात धावलेलं राज्य हेच, आणि 1966 मध्ये हरलेलंही हेच. ज्या आकड्यांनी अडवणूक उघडी पाडली त्यांच्यावर आम्ही आता पत्रकांचे गठ्ठे लावत होतो.

पत्रकं दोन होती. 'ए' म्हणजे आरोग्यविमा आणि औषधांच्या किमती. 'बी' म्हणजे तुरुंग आणि फौजदारी न्यायातल्या सुधारणा, शिवाय ऐतिहासिक कृष्णवर्णीय कॉलेजांना निधी. कुठल्या दारात कुठलं पत्रक हे माझ्या यादीच्या शेवटच्या रकान्यात एका अक्षराने छापलेलं असायचं. ते अक्षर कुठून येतं हे वेगळं सांगायला नको.

त्या टर्फमधलं माझं अकरावं घर. व्हरांड्यात दोन खुर्च्या, कुंडीत कॅमेलिया. बेल वाजवून मी दोन पावलं मागे सरले. हे नव्यांना पहिल्या दिवशी शिकवतात, म्हणजे आतल्या माणसाला तुम्ही अंगावर आल्यासारखे वाटत नाही. दार उघडलं ते एकोणऐंशी वर्षांच्या बाईंनी. दक्षिणेत वयस्क बाईला पहिल्या नावाआधी 'मिस' लावून हाक मारतात. मी त्यांना इथे नुसतं मिस म्हणते.

आत टीव्ही मोठ्याने चालू होता. त्याच सकाळी इथले वजनदार कृष्णवर्णीय खासदार जिम क्लायबर्न यांनी नॉर्थ चार्ल्सटनला बायडन यांना पाठिंबा जाहीर केला होता. जोला आपण ओळखतो, आणि मुख्य म्हणजे जो आपल्याला ओळखतो, हे त्यांचं वाक्य दिवसभर वाजत होतं. ऑफिसात ते ऐकून आमच्या रीजनल डायरेक्टरने 'एका पाठिंब्याने काही होत नसतं' असं म्हणून दुसरा डोनट घेतला होता.

मी पाठ केलेलं बोलले आणि पत्रक पुढे केलं. मिसनी ते दोन्ही बाजूंनी वाचलं. मग आत जाऊन दुसरं एक घेऊन आल्या. तो 'ए' होता.

"हा समोरच्या घरातला. माझी शेजारीण. शनिवारी तुमचा एक मुलगा देऊन गेला. तिला औषधांच्या किमती, मला तुरुंग. माझी साखरेची गोळी तिच्याहून महाग आहे, बाळ."

शेजारीण गोरी होती, हे त्यांनी सांगायची गरज नव्हती.

मी म्हटलं, "मॅम, पत्रकं संपतात तशी आम्ही..."

"माझ्या घरातलं कुणी तुरुंगात गेलंय असं लिहिलंय का तुझ्या त्या कागदावर?"

"नाही, मॅम."

"मी गेलेय. 1960 साली. ते लिहिलंय?"

मार्च 1960 मध्ये ऑरेंजबर्गच्या दोन कृष्णवर्णीय कॉलेजांतली पोरं जेवणाच्या काउंटरवर बसू देत नाहीत म्हणून मोर्चाने निघाली. थंडीत त्यांच्यावर पाण्याचे फवारे मारले, 380 हून जास्त जणांना पकडलं. तुरुंगात जागा नव्हती म्हणून बऱ्याच जणांना बाहेर कुंपणात ओल्या कपड्यांत उभं केलं. क्लायबर्न त्यातलेच एक विद्यार्थी. त्यांची पत्नी एमिली त्यांना त्याच अटकेत भेटल्या. हे सगळं मला ठाऊक होतं. फेब्रुवारी 1968 मध्ये इथल्याच कॅम्पसवर पोलिसांच्या गोळ्यांनी तीन पोरं गेली, तेही मी वाचलेलं होतं. वाचलं होतं, आणि मग त्याच गावाची यादी काढताना शेवटच्या रकान्यात 'बी' भरला होता.

"दाखव बरं," म्हणून त्यांनी हात पुढे केला.

यादी मतदाराला दाखवायची नाही, हा नियम आहे आणि योग्यच आहे, कारण त्यात शेजाऱ्यांचीही नावं असतात. पण मी त्यांचं घर तेवढं दिसेल असा कागद दुमडला आणि धरला. तिथे दोन नावं होती. त्यांचं, आणि त्याखाली नवऱ्याचं, वय 83.

"हे तर दोन वर्षांपूर्वी गेले. राज्याच्या यादीतून त्यांचं नाव केव्हाच निघालंय. मी स्वतः पाहिलंय. तुमची यादी कुठली?"

मिस तीस वर्षं मतदान केंद्रावर पोल मॅनेजर आहेत, हे मला तेव्हा कळलं. आमची फाइल जुनी होती, विकत घेतल्यावर ताजी केलीच नव्हती. हे मी जानेवारीत दोनदा लिहून दिलं होतं. पण माझ्याकडे ईमेल आहेत हे व्हरांड्यात कुणाला सांगणार?

मग त्यांचं बोट शेवटच्या रकान्यावर आलं. "आणि हे 'बी' म्हणजे काय?"

मी म्हटलं, "भागाचा कोड आहे, मॅम. तुमच्या विभागाचा."

त्या 'हं' म्हणाल्या.

मी एरवी खोटं बोलत नाही असं नाही. घरमालकाशी बोलते, आईशी फोनवर बोलते. पण हे इतकं चटकन आणि इतक्या नम्रपणे आलं की माझं मलाच नवल वाटलं.

त्यांनी मला खुर्ची दिली. बसायचं नसतं, एका दाराला चार मिनिटं. मी बसले. त्यांनी विचारलं, तू कुठली. मी सांगितलं. "मग बॅम्बर्गच्या त्या मुलीच्या मुलखातली," त्या म्हणाल्या. बॅम्बर्ग शेजारचीच काउंटी, म्हणजे जिल्हा, आणि मुलगी म्हणजे निकी हेली, पंजाबी आईबापांची लेक, पुढे या राज्याची गव्हर्नर. बॅम्बर्गमध्ये लहान मुलींच्या सौंदर्यस्पर्धेत एक गोरी राणी आणि एक काळी राणी निवडायचे. निकी आणि तिची बहीण कुठल्याच खान्यात बसेनात म्हणून दोघींना बाद केलं होतं. पुढे 2001 च्या नोंदणी कार्डावर तिने स्वतःचा वंश 'व्हाइट' लिहिला होता. ती गव्हर्नर असताना हे बाहेर आलं आणि बरीच टिंगल झाली.

"हसले नाही मी," मिस म्हणाल्या. "दोनच खुर्च्या असल्या तर माणूस जवळची घेतो. तू कुठली घेतलीस?"

मी म्हटलं, अमेरिकेत मी राहते त्या राज्यातल्या फॉर्मवर एशियन होतं.

"म्हणजे तुला तिसरी मिळाली."

शेवटी मी मुद्द्याचा प्रश्न विचारला. शनिवारी कुणाला?

"तुझा माणूस मला आवडतो. त्याचं मी सगळं ऐकलंय, वादविवादही पाहिले. मत मी जोला देणार."

"क्लायबर्न यांच्यामुळे?"

"जिमला मी पोरगा होता तेव्हापासून ओळखते. त्याने सांगायच्या आधीच माझं ठरलं होतं." मग त्या पुढे झुकल्या. "मला कोण आवडतो याला नोव्हेंबरमध्ये, खऱ्या निवडणुकीत, काय किंमत? या राज्यात तेव्हा रिपब्लिकनच जिंकतात, आमची मतं वाहूनच जातात. ठरवणार मिशिगनचे, पेनसिल्व्हेनियाचे गोरे. ते कुणाला मत देतील आणि कुणाला देणार नाहीत, हे मला तुझ्यापेक्षा जास्त कळतं. एकोणऐंशी वर्षं त्यांच्यासोबत काढलीत."

आमच्या मॉडेलमध्ये मिसचा स्कोअर शंभरपैकी एकाहत्तर होता. म्हणजे थोडं समजावलं तर आमच्या. त्यात वय, लिंग, वंश, चर्चचा परिसर, जुनी मतदानं असं सगळं घालून मी तो काढला होता, आणि मला त्याचा अभिमान होता. माझ्याकडे त्यांच्याबद्दल चाळीसएक रकाने होते. त्यांच्याकडे गोऱ्यांबद्दल डोक्यात एक यादी होती, माझ्याहून जुनी, आणि ती ताजी ठेवलेली होती. त्या आपल्या आवडीने मत देत नव्हत्या, दुसऱ्यांच्या नावडीचा हिशेब करून देत होत्या. असला हिशेब माझ्या कुठल्या रकान्यात धरायचा?

परतताना गाडीत बसून मी कोड भरायला घेतला. एक म्हणजे पक्का आपला, पाच म्हणजे पक्का विरोधी. 'आमचा आवडतो, मत दुसऱ्याला' याला आकडा नाही. मी चार लिहिला. नंतर खोडून तीन केला. मग पुन्हा चार.

संध्याकाळी ऑफिसात पत्रकांची गोष्ट काढली. डायरेक्टर म्हणाला, "बी टेस्टिंगमध्ये चांगला चाललाय." टेस्टिंग म्हणजे ऑनलाइन काही लोकांना दाखवून घेतलेली मतं. तो वाईट माणूस नव्हता, त्याने महिनाभर घर पाहिलं नव्हतं. पण ऑरेंजबर्गमध्ये वाढलेल्या दोन कार्यकर्त्या त्याच खोलीत बसलेल्या होत्या, आणि पत्रक छापण्याआधी त्यांना कुणी विचारलं नव्हतं. त्यातली एक माझ्याकडे बघून नुसती भुवई उडवून गेली. त्यांना आम्ही 'कम्युनिटी आउटरीच' म्हणायचो, आणि आमच्यासारख्यांना 'स्टाफ'. 2019 च्या नोव्हेंबरमध्ये दुसऱ्या एका मोहिमेने कृष्णवर्णीयांसाठीच्या योजनेच्या पानावर केनियातल्या बाईचा फोटो लावला तेव्हा आमचं ऑफिस आठवडाभर हसत होतं.

शनिवारी सकाळी मला निरीक्षक म्हणून मतदान केंद्रावर, एका शाळेच्या जिममध्ये बसवलं. टेबलामागे मिस होत्या. सकाळी सात ते संध्याकाळी सात. ओळख दाखवली नाही, त्या कामावर होत्या. गाडीतून उतरता न येणाऱ्या म्हाताऱ्यांसाठी त्या स्वतः मतपत्रिका घेऊन बाहेर जात होत्या, प्रत्येक वेळी कार्डिगनची बटणं लावून. अब्जाधीश उमेदवार टॉम स्टायर यांचे कार्यकर्ते बाहेर सगळ्यांत जास्त होते. त्यांनी राज्यात जाहिरातींवर 2 कोटी डॉलरहून जास्त ओतले होते, आणि पक्षाच्या अधिवेशनात उमेदवार निवडणारा एकही प्रतिनिधी त्यांना मिळाला नाही.

सातला दार बंद झालं आणि त्याच मिनिटाला फोनवर आलं: बायडन. पुढे आकडे आले, 48 टक्क्यांहून जास्त, सँडर्स 20 च्या आसपास, 46 च्या 46 काउंट्या बायडनकडे. माझं मॉडेल किती चुकलं ते मी त्या रात्री काढलं नाही. काढायचीही गरज नव्हती.

स्कॅनरमधून निकालाची लांब पट्टी बाहेर येत होती. मिस ती हातावर गुंडाळून घेत होत्या. आमच्या उमेदवाराला त्या केंद्रावर नऊ मतं. मी जवळ गेले.

"मॅम, ते 'बी'... तो भागाचा कोड नव्हता."

"माहितीये," त्या म्हणाल्या. "समोरच्या घराचाही भाग तोच आहे. जरा बाजूला हो, हा कागद दाराला लावायचाय."