वॉटकिन्स ग्लेन: ब्रेकच्या गोष्टी सांगणारी माणसं

न्यू जर्सीतून ८० नंबरचा हायवे पकडायचा, पोकोनोचे डोंगर चढायचे, स्क्रँटन आणि बिंगहॅमटन मागे टाकून पश्चिमेला वळायचं. एल्मायराला मार्क ट्वेनची कबर आहे, पण थांबलो नाही. तिथून १४ नंबरचा रस्ता उत्तरेला सेनेका तळ्याकडे जातो, आणि तळ्याच्या दक्षिण टोकाला वॉटकिन्स ग्लेन हे गाव आहे. मेहुणा सोबत होता. त्याला तळ्याकाठच्या वायनरी बघायच्या होत्या आणि मला जुन्या गाड्या. शुक्रवार-शनिवार माझे, रविवार त्याचा, अशी वाटणी करून आम्ही निघालो.

गाव लहान, जेमतेम दोन हजार वस्तीचं. फ्रँकलिन स्ट्रीट हा एकच मोठा रस्ता. एका बाजूला कातळ चिरून गेलेली घळ आणि तिच्यातले १९ धबधबे, दुसऱ्या बाजूला तळं आणि मिठाचा कारखाना. इतक्या लहान गावाच्या फुटपाथवर नामवंत रेसर्सच्या नावांच्या फरशा का बसवल्यात, हे कळायला १९४८ मध्ये जावं लागतं.

कॅमेरॉन आर्गेटसिंगर नावाचा कॉर्नेल विद्यापीठातला कायद्याचा विद्यार्थी होता. त्याच्या घरच्यांचं इथे उन्हाळ्यात यायचं घर होतं, आणि त्याच्याकडे एमजी ही छोटी ब्रिटिश स्पोर्ट्स कार होती. अशी गाडी पळवायला युरोपसारखा वळणावळणाचा रस्ता हवा, असं त्याच्या डोक्यात बसलं. त्याने गावातूनच निघून डोंगरावरून परत गावात येणारा ६.६ मैलांचा, म्हणजे साडेदहा किलोमीटरच्या वरचा फेरा आखला. थोडा डांबरी, थोडा सिमेंटचा, मध्ये कच्चा. वाटेत रेल्वे फाटक होतं, त्यासाठी रेल्वेने शर्यतीपुरत्या गाड्या थांबवायचं कबूल केलं! २ ऑक्टोबर १९४८ ला पहिली शर्यत झाली आणि फ्रँक ग्रिसवोल्डने ती आल्फा रोमिओत जिंकली. म्हणजे गाडी इटालियनच. त्या काळात अमेरिकेत स्पोर्ट्स कार म्हणजे परदेशी, असं समीकरण होतं. ते बदलायला तीन वर्षं लागली. १९५१ ला फिल वॉल्टर्स इथे ब्रिग्ज कनिंगहॅम या अमेरिकन हौशी रेसरने बांधवलेल्या गाडीत जिंकला. फ्लोरिडात बांधलेली, क्रायस्लरचं आठ सिलिंडरचं व्ही-एट इंजिन बसवलेली, पांढऱ्यावर निळे पट्टे अशी ती गाडी होती.

दर सप्टेंबरात एका शुक्रवारी हा मुख्य रस्ता बंद करतात आणि जुन्या गाड्या त्याच जुन्या फेऱ्यावरून फिरवतात. आम्ही पोचलो तेव्हा कोर्टाच्या इमारतीसमोर गाड्यांच्या रांगा लागल्या होत्या. पेट्रोलचा वास, तळलेल्या बटाट्यांचा वास, आणि प्रत्येक गाडीशेजारी घडीच्या खुर्चीत एकेक आजोबा. काही आज्याही होत्या, त्यांच्याकडे येतोच.

मी तयारी करून गेलो होतो. कोण कधी जिंकलं, कुठल्या वर्षी कुठलं इंजिन आलं, हे सगळं पाठ होतं. पण तिथे कुणीही मला जिंकल्याची गोष्ट सांगितली नाही. ज्याच्याशी बोलावं तो बहुधा ब्रेकवरच यायचा.

पहिले भेटले ते एका काळ्या १९६२ च्या कॉर्व्हेटचे, म्हणजे जनरल मोटर्सच्या अमेरिकन स्पोर्ट्स कारचे, मालक. वय ऐंशीच्या आसपास, हातात पिवळं फडकं. मी गाडीभोवती फिरतोय हे बघून त्यांनी आपणहून बॉनेट उघडलं. इंजिनावर डिस्ट्रिब्युटरभोवती, म्हणजे ठिणग्यांसाठी वीज वाटून देणाऱ्या भागाभोवती, चकचकीत पत्र्याचं झाकण होतं. हे कशाला, म्हणून विचारलं. कॉर्व्हेटची बॉडी फायबरग्लासची. लोखंडी बॉडी इंजिनाच्या ठिणग्यांचा विद्युत गोंगाट आत अडवून धरते, फायबर अडवत नाही, आणि मग रेडिओवर नुसती खरखर ऐकू येते. म्हणून हे झाकण. “रेडिओ न घेतलेल्या गाडीला ते नसायचं,” ते म्हणाले. “झाकण नसलेली गाडी दिसली की आम्ही ओळखायचो, हा माणूस रेसला आलाय.”

त्यांनी स्वतः मात्र रेडिओवाल्या गाडीनेच रेस केली. तेव्हाची हौशी शर्यत अशीच असायची. शनिवारी सकाळी घरून गाडी चालवत सर्किटवर यायचं, चाकांवरच्या वाट्या काढायच्या, दारावर चिकटपट्टीने नंबर चिकटवायचा, पळायचं आणि रविवारी रात्री त्याच गाडीने घरी परतायचं. सोमवारी तीच गाडी ऑफिसला. बक्षिसाचे पैसे नव्हते. पन्नाशीच्या दशकात शर्यती भरवणाऱ्या स्पोर्ट्स कार क्लबचा पैशाच्या बक्षिसांना विरोधच होता. कॉर्व्हेटचं नाव ट्रॅकवर मोठं करणारा डिक थॉम्प्सन वॉशिंग्टनचा दातांचा डॉक्टर होता. १९५६ आणि १९५७ अशी लागोपाठ दोन वर्षं त्याने आपल्या वर्गाचं राष्ट्रीय अजिंक्यपद कॉर्व्हेटमध्ये मिळवलं. म्हणजे दात काढून उरलेल्या वेळात.

“आणि ब्रेक?” हे मी विचारलंच नव्हतं. त्यांनीच विचारलं आणि त्यांनीच उत्तर दिलं. कॉर्व्हेटला १९६४ पर्यंत चारही चाकांना ड्रम ब्रेक होते. दोन-चार फेऱ्यांत ड्रम तापायचे आणि पेडल दाबलं तरी गाडी आपली चाललेलीच. म्हणून कंपनीने रेसवाल्यांसाठी धातूची भुकटी दाबून केलेल्या खास लायनरचा, म्हणजे ड्रमच्या आत घासणाऱ्या पट्ट्यांचा, पर्याय ठेवला. ते तापले की झकास धरायचे. गार असताना मात्र धरायचेच नाहीत. “त्यामुळे रविवारी मी सगळ्यांत उशिरा ब्रेक मारणारा शूर ड्रायव्हर,” आजोबा म्हणाले, “आणि सोमवारी सकाळी घराजवळच्या पहिल्या सिग्नलला थांबता न येणारा मूर्ख.” त्यांच्या पत्नीने खुर्चीतूनच दुरुस्ती केली: “सिग्नल नव्हता. शाळेसमोरचा स्टॉप होता.”

त्या स्वतः नवऱ्याइतक्याच गाडीवेड्या. पन्नाशीच्या दशकात बायकांसाठी वेगळी शर्यत ठेवायचे, तिला नावही पावडर लावायच्या पफचं दिलेलं. त्याचा राग त्यांच्या बोलण्यात अजून होता. बेटी स्केल्टन या बाईने १९५६ मध्ये डेटोनाच्या वाळूवर कॉर्व्हेट भरधाव पळवली, हे त्यांनी मला दोनदा ऐकवलं. मी मान डोलावत राहिलो.

पलीकडे निळी कोब्रा उभी होती. खरी आहे का, असं विचारायचं नाही, हा तिथला शिष्टाचार. साठीच्या दशकात अशा जेमतेम हजारेक गाड्या झाल्या, आणि नकला त्याच्या कितीतरी पट. कॅरोल शेल्बी हा टेक्ससचा माणूस. आधी कोंबड्या पाळायचा, मग १९५९ ला अॅस्टन मार्टिनमधून ल माँ ही फ्रान्समधली चोवीस तासांची शर्यत जिंकला, हृदयाच्या दुखण्याने पुढे रेसिंग सोडावं लागलं. १९६२ मध्ये त्याने इंग्लंडच्या एसी कंपनीच्या हलक्या चासीत फोर्डचं व्ही-एट घातलं आणि कोब्रा तयार झाली. कोब्राचे मालक ब्रेकवर बोलले नाहीत, त्यांची तक्रार उष्णतेची होती. पाय ठेवायच्या जागी भट्टीसारखं तापतं म्हणे. त्यांच्या बायकोने पोटरीवरचा जुना डाग दाखवला. गाडीतून उतरताना बाजूच्या सायलेन्सरला पाय लागला होता. लग्नाआधीचा डाग आहे, तरी लग्न केलं, असं म्हणून ती हसली.

दुपारी फेऱ्याची वेळ झाली आणि काळ्या कॉर्व्हेटवाल्या आजोबांनी मला शेजारी बसायला सांगितलं. आजीबाईंनी आपली जागा दिली, हे मी विसरणार नाही. मेहुण्याने माझा फोटो काढला, त्यात फक्त माझे दात दिसतात.

फ्रँकलिन स्ट्रीटवरून उजवीकडे वळलं की लगेच चढ. इंजिनाचा आवाज दोन्ही बाजूंच्या घरांवर आपटून परत येत होता. लोक अंगणात खुर्च्या टाकून बसलेले, पोरं हात हलवत होती. पोलीस पुढे असतात, ओव्हरटेक करायचं नाही, त्यामुळे ही शर्यत नव्हे. तरी तिसऱ्या गिअरमध्ये चढावर गाडीने जी ओढ घेतली तिने पाठ सीटला टेकली. वर झाडी दाट होते, मग अचानक दगडी पूल येतो. पुलाची रुंदी बघून मला प्रश्न पडला की इथून शर्यतीत गाड्या गेल्या कशा. पुढे रेल्वेचा रूळ आणि मग उतार सुरू.

उतारावर आजोबा बोलायचे थांबले. खाली गावात शिरण्याआधी एक काटकोनी वळण आहे, त्याला मिलिकनचा कोपरा म्हणतात. १९४८ च्या पहिल्याच शर्यतीत बिल मिलिकनची बुगाटी तिथे उलटली. मिलिकन विमानांच्या चाचण्या करणारा इंजिनिअर. या अपघातातून तो सुखरूप उठला आणि पुढे गाडी वळताना टायर, वजन आणि वेग यांचं नेमकं काय होतं, या शास्त्रातला मोठा अधिकारी माणूस झाला. १०१ वर्षं जगला. ज्याने गाडी उलटवली त्यानेच ती का उलटते हे जगाला समजावलं, आणि गावाने कोपऱ्याला त्याचं नाव दिलं. मला हे फार आवडलं.

कोपरा दिसायला लागला तेव्हा आजोबांनी पेडलवर पाय दिला, काढला, पुन्हा दिला. तापलेल्या लायनरचा जळका वास आला. गाडी थोडी डावीकडे ओढली गेली, त्यांनी स्टिअरिंगने सावरली, एक गिअर खाली टाकला आणि आम्ही वळलो. वेग फार तर ताशी चाळीस मैल असेल. “इथे,” ते म्हणाले, “पूर्वीचे लोक याच्या दुप्पट वेगाने यायचे. ब्रेक याहून वाईट.”

याची किंमतही गावाने दिली आहे. १९५० च्या शर्यतीत सॅम कोलियर या ड्रायव्हरचा जीव गेला. १९५२ ला गावातल्या रस्त्यावर एक गाडी कडेच्या प्रेक्षकांना घासली आणि सात वर्षांचा मुलगा दगावला. त्यानंतर गावातली शर्यत संपली. आधी शेतांमधल्या रस्त्यांवर आणि १९५६ पासून डोंगरावरच्या कायमच्या सर्किटवर ती गेली. तिथे पुढे १९६१ ते १९८० फॉर्म्युला वनही होत होती.

शनिवारी त्या सर्किटवर गेलो. निळे लोखंडी कठडे आणि त्यांच्यामधून पळणाऱ्या साठ-सत्तर वर्षांच्या गाड्या. इथे मात्र खरंच शर्यत असते. १९६३ मध्ये डिक थॉम्प्सन याच सर्किटवर कॉर्व्हेट ग्रँड स्पोर्टमध्ये जिंकला होता. कॉर्व्हेटचा मुख्य इंजिनिअर झोरा आर्कस-डंटॉव्हला अशा सव्वाशे हलक्या गाड्या बांधायच्या होत्या. जनरल मोटर्सच्या वरिष्ठांना रेसिंग नको होतं, त्यांनी काम थांबवलं तेव्हा फक्त पाच झाल्या होत्या. पॅडॉकमध्ये, म्हणजे गाड्या उभ्या करायच्या आवारात, या निर्णयावर अजून भांडणं होतात, जणू बैठक काल झाली.

रात्री सेनेका लॉजच्या बारमध्ये जेवायला गेलो. जुन्या शर्यतींचे विजेत्यांचे हार तिथे वाळून अजून टांगलेले आहेत. आमच्या टेबलाशी आदल्या दिवशीचे आजोबा येऊन बसले, मग आणखी दोघे. गोष्टी सुरू. १९६० ला कनिंगहॅमने तीन कॉर्व्हेट ल माँला नेल्या. जॉन फिच आणि बॉब ग्रॉसमनची गाडी शेवटी शेवटी इतकी तापली की मेकॅनिकांनी इंजिनावर बर्फ रचला, तरी ती आपल्या वर्गात पहिली आणि एकूणात आठवी आली. हे सांगताना तिघंही एकदम बोलत होते.

मग आजोबा म्हणाले, १९६५ ला कॉर्व्हेटला चारही चाकांना डिस्क ब्रेक आले आणि सांगण्यासारखं काही उरलं नाही. यावर १९६६ ची गाडी असलेले गृहस्थ बिअरचा ग्लास खाली ठेवून सरसावले. काय उरलं नाही? गाडी हिवाळाभर उभी राहिली की डिस्कला पकडणाऱ्या त्या कॅलिपरमध्ये ओल धरायची, आतून गंज, मग ब्रेकचं तेल गळायचं, हवा शिरायची. एकदा सिराक्यूजला जाताना त्यांचं पेडल थेट फळीला टेकलं होतं. पुढे स्टेनलेस स्टीलचे स्लीव्ह बसवून घेतले तेव्हा कुठे शांत झोप लागली, तोपर्यंत बायको गाडीत बसायला तयार नव्हती.

आजोबांनी ऐकून घेतलं आणि विचारलं, “हँडब्रेक लागत होता का?”

“कधीच नाही,” ते गृहस्थ म्हणाले. मेहुणा एवढा वेळ गप्प होता. त्याने खुर्ची पुढे ओढली आणि खंबाटकी घाटात त्याच्या वडिलांच्या पद्मिनीचं काय झालं होतं ते सांगायला सुरुवात केली.