मडक्याच्या एक बोट वर

आमच्या शाळेत शनिवारी सकाळची कवायत संपली की व्यायामशाळेच्या ओट्यावर एक मडके पालथे ठेवले जाई. कवायतीचे सर ओळीतल्या एकेकाला पुढे बोलावत आणि सांगत, "काठी पूर्ण ताकदीने आण आणि मडक्याच्या एक बोट वर थांबव." ज्याच्या हातून मडके फुटेल त्याने पुढच्या शनिवारी कुंभारवाड्यातून स्वतःच्या पैशाने नवे आणायचे, असा नियम होता. आठवीच्या एका वर्षात मी चार मडकी आणली. शेवटी कुंभारीण आजी मला लांबूनच ओळखू लागली आणि "तुमच्या घरी पाणी भरतात की मडकीच फोडतात रे?" असे विचारू लागली. सर मात्र रागावत नसत. "मारता तर रेड्यालाही येते," एवढेच म्हणत आणि पुढच्या मुलाला हाक मारत.

अमृतमहोत्सवाच्या स्मरणिकेत मी वकिलीबद्दल लिहावे, अशी संपादक मंडळाची सूचना आहे. स्वसंरक्षणाच्या कायद्याचा पहिला पाठ मला विधी महाविद्यालयात नव्हे, तर त्या ओट्यावर मिळाला, म्हणून मी त्याविषयीच लिहितो.

१९८६ च्या दिवाळीनंतरची गोष्ट आहे. तेव्हा मी नववीत होतो. त्या हंगामात आमच्या धुळे जिल्ह्यातल्या भागात शेतवस्त्यांवर चोऱ्या होत होत्या, खळ्यावरचा भुईमूग रातोरात नाहीसा होत होता, आणि जवळची पोलीस चौकी अकरा किलोमीटरवर असून तिथे पोहोचायला सायकलशिवाय साधन नव्हते. साहजिकच गावाने आळीपाळीने गस्त घालायचे ठरवले. शाळेत काठी शिकलेली मुले म्हणून आम्हा चौघांनाही मोठ्या माणसांनी सोबत घेतले, आणि त्याचा आम्हाला झालेला आनंद आज आठवला तरी थोडी लाज वाटते. तेल पाजलेली, टोकाला लोखंडी कडे बसवलेली काठी खांद्यावर टाकून रात्री गावातून हिंडताना आपण कोणीतरी झालो आहोत, असे वाटे.

अमावास्येच्या आसपासच्या एका रात्री विहिरीजवळच्या खळ्यावर मला एक माणूस वाकलेला दिसला. मी ओरडलो. तो वळला आणि घोंगडीखाली काहीतरी धरून दोन पावले माझ्याकडे आला. मी काठी चालवली, ती त्याच्या खांद्यावर बसली, तो गुडघ्यांवर कोसळला आणि त्याने एक हात वर केला. मी दुसरा टोला मारला. मागून आलेल्या बॅटरीच्या उजेडात दिसले, की घोंगडीत त्या संध्याकाळीच जन्मलेले एक कोकरू होते. गावाबाहेर वाडा बसवून राहिलेला तो ठेलारी मेंढपाळ वाट चुकलेली मेंढी शोधत आला होता, आणि ती तिथेच भुईमुगाच्या ढिगाआड व्यालेली होती.

दुसऱ्या दिवशी गावात बहुतेकांनी माझी बाजू घेतली. अंधार होता, चोऱ्या होत होत्या, पोराने काय करायचे, असे म्हणणारांत माझे वडीलही होते. सरांनी मला व्यायामशाळेत बोलावून दाराशी उभे केले आणि सगळी हकिकत दोनदा सांगायला लावली. मी भ्यालो होतो, असे मी म्हणालो. "भ्याला होतास हे मला मान्य आहे, पहिल्या टोल्याबद्दल मी तुला बोलणार नाही," ते म्हणाले, "पण तो गुडघ्यांवर आल्यावर तुला कशाची भीती होती?" मला उत्तर देता आले नाही. त्या माणसाचे मनगट दुसऱ्या टोल्याने मोडले होते.

शिक्षा अशी झाली, की प्लास्टर निघेपर्यंत मी रोज शाळा सुटल्यावर त्याच्या वाड्यावर जाऊन मेंढ्यांसाठी विहिरीचे पाणी शेंदायचे. मेंढ्या किती पाणी पितात हे ज्याने शेंदले आहे त्यालाच कळेल! पहिला आठवडाभर तो माणूस माझ्याशी बोलला नाही. नंतर एके दिवशी त्यानेच मला पोहरा बुडताना दोराला झटका कसा द्यायचा ते एका हाताने दाखवले.

पुढे कायदा शिकताना भारतीय दंड संहितेची कलमे ९६ ते १०६ वाचनात आली आणि सरांचा प्रश्न तिथे जवळजवळ जसाच्या तसा भेटला. १८६० सालच्या या संहितेने नागरिकाला स्वतःच्या आणि दुसऱ्याच्याही शरीराचे व मालमत्तेचे रक्षण करण्याचा हक्क दिला होता. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत तोच हक्क ३४ ते ४४ या कलमांत आला आहे. शरीराच्या रक्षणाचा हक्क धोक्याची वाजवी भीती निर्माण होताच सुरू होतो आणि ती भीती टिकते तोवरच टिकतो. त्याशिवाय संरक्षणासाठी लागेल त्याहून अधिक इजा करता येत नाही, आणि पोलिसांसारख्या यंत्रणेकडे धाव घेण्यास वेळ असेल तर हा हक्क मुळातच मिळत नाही. कायदा आंधळा नाही, हेही सांगायला हवे. समोर हल्लेखोर असताना माणसाने पळूनच जावे, अशी अपेक्षा आपली न्यायालये करीत नाहीत, आणि घाबरलेल्या माणसाच्या कृतीचे मोजमाप सराफाच्या काट्यावर करू नये, अशा आशयाचे मत सर्वोच्च न्यायालयाने १९५२ सालच्या अमजद खान खटल्यातच नोंदवले आहे. स्वसंरक्षण शाबीत करण्याचा भार आरोपीवर असतो खरा, पण त्यासाठी निःसंशय पुरावा लागत नाही, तसे घडल्याचा संभव अधिक आहे एवढे दिसले तरी पुरते.

मला या कलमांचा अर्थ असा लागतो, की स्वतंत्र देशाला प्रत्येक बांधावर पोलीस उभा करता येत नाही, आणि केलाच तर तो देश स्वतंत्र राहणार नाही, म्हणून शासन आपल्याजवळच्या बळाचा एक लहानसा वाटा काही क्षणांसाठी नागरिकाच्या हाती देते आणि नंतर त्याचा हिशेब मागते. माझे अनेक पक्षकार पहिली गोष्ट पाठ करून येतात आणि दुसरी ऐकली की त्यांना वकील बदलावासा वाटतो.

१ जुलै २०१८ रोजी आमच्याच जिल्ह्यात, साक्री तालुक्यातल्या राईनपाडा येथे, आठवडे बाजाराच्या दिवशी, मुले पळवणारी टोळी आल्याच्या अफवेवरून जमावाने पाच जणांना ठार मारले. नाथपंथी डवरी गोसावी समाजाची ती माणसे भिक्षा मागत फिरणारी होती, आणि त्यांना ग्रामपंचायतीच्या खोलीत कोंडून मारण्यात आले. बातमी वाचून मला खळ्यावरची घोंगडी आठवली. आपण मुलांचे रक्षण करतो आहोत, असे त्या जमावातल्या कित्येकांना खरोखर वाटत असेल, याबद्दल मला शंका नाही. पण खोलीत कोंडलेल्या माणसाची कसली भीती उरते, आणि पोलिसांना बोलावायला त्याहून अधिक वेळ कधी मिळणार होता? जमावात शिरताना प्रत्येकाने आपला दुसरा टोला शेजाऱ्याच्या नावावर टाकलेला असतो, असे मला वाटते. कायदा तसे मानत नाही.

थांबण्याच्या या शिकवणीमुळे सर मवाळ होते, असा कोणाचा समज होऊ नये. मुलींनाही काठी आणि दांडपट्टा शिकवायचा त्यांनी हट्ट धरला, तेव्हा काही पालक मुख्याध्यापकांकडे तक्रार घेऊन आले, की यांची लग्ने व्हायची आहेत. सरांनी त्यांना बसायला सांगून विचारले, "लग्न झाल्यावर हात काढून ठेवायचे आहेत का?" त्या तुकडीतल्या एकीने पुढे बस स्थानकावर अंगाशी आलेल्या माणसाला छत्रीच्या दांड्याने आडवे केले आणि लगेच छत्री खाली घेऊन कंडक्टरला पोलीस बोलावायला लावले. ही हकिकत तिनेच मला गेल्या वर्षी सांगितली आणि वर पुस्ती जोडली, की छत्री नवी होती म्हणून एकच तडाखा दिला. बलात्काराच्या हेतूने झालेल्या हल्ल्यात प्रतिकार करताना हल्लेखोराचा मृत्यू ओढवला तरी तो हक्काच्या मर्यादेत येतो, हे कायद्यात पहिल्यापासून होते. ॲसिड हल्ल्याची भर मात्र २०१३ सालच्या दुरुस्तीने पडली.

सर आता नाहीत. मागच्या महिन्यात शाळेत गेलो तेव्हा व्यायामशाळेत जिमची दोन यंत्रे आली असल्याचे दिसले आणि काठ्या कपाटावर आडव्या टाकलेल्या होत्या. सध्याचे क्रीडाशिक्षक म्हणाले, की काठी पुन्हा सुरू करण्याची त्यांची इच्छा आहे, पण मडक्याचा प्रकार त्यांना ठाऊक नव्हता. महोत्सवाच्या देणगीबरोबर मी दोन डझन मडकी पाठवत आहे. ती पक्की भाजलेली नकोत, असे मी कुंभाराला बजावून सांगितले आहे. संपली की कळवावे, आणखी पाठवीन.