दहा मिनिटं म्हणजे सत्तावीस मिनिटं: लेकीला पुण्याला सोडून आल्यावर

काल रात्री साडेअकराला कोल्हापुरात परत पोचलो. पाय अजून सुजलेत आणि राग उतरलेला नाही, तेव्हा पुढचं वाचताना तेवढी सूट द्या. अंतराचे आकडे मात्र रागात काढलेले नाहीत, घड्याळ लावून काढलेत.

लेकीला कॅप राउंडमधून, म्हणजे सरकारच्या एकत्रित प्रवेश फेरीतून, पुण्यात, नऱ्हे-आंबेगावच्या बाजूला, इंजिनिअरिंगची सीट लागली. आमच्या तीन फेऱ्या झाल्या. पहिली प्रवेश पक्का करायला, दुसरी राहिलेल्या कागदांची, तिसरी सामानासकट तिला सोडायला. दुसरी फेरी छान झाली, तिच्यात सांगण्यासारखं काही नाही.

आधी आमची फसगत कुठून सुरू झाली ते सांगते. गल्लीत, नात्यात, ह्यांच्या ऑफिसात, सगळीकडे एकच वाक्य: "ॲडमिशन झाली की होस्टेल मिळतंच." मिळत नाही. होस्टेलचा अर्ज वेगळा, त्याची तारीख वेगळी, यादी वेगळी आणि जागा मोजक्या. हे आम्हाला कळलं प्रवेशाच्या दिवशी दुपारी दीड वाजता, खिडकीवर, आणि तोवर यादी लागून गेली होती. सीट लागल्याचा मेसेज आला की पेढे नंतर वाटा. आधी कॉलेजला फोन करून विचारा: पहिल्या वर्षाच्या मुलींना होस्टेल आहे का, अर्ज कधी, पैसे कधी.

मग काय, एका दुपारी पीजी, म्हणजे पैसे भरून राहायची खासगी खोली, शोधायची वेळ आली. कॉलेजच्या दारातच एजंट उभे असतात, शोधायला लागत नाही. आमच्या वाट्याला आलेला पोरगा बोलायला गोड होता. खोली दाखवली: तिघींची, खिडकी बरी, संडास स्वच्छ. "काकू, कॉलेज म्हणजे दहा मिनिटं. चालत. पोरी रोज जातात." आम्ही कॉलेजपासून तिथं गाडीनं गेलो होतो, सहा मिनिटं लागली होती. गाडीला सहा, तर पायाला दहा कशी, हा चौथीतला हिशोब. तो मला त्या वेळी सुचला नाही.

लेकीला सुचला. जिन्यात हळूच म्हणाली, "आई, एकदा चालून बघूया का?" मी म्हटलं, उशीर झालाय, पप्पांना परत गाडी चालवायची आहे, हा माणूस थांबलाय. हे वाक्य मला आता रात्री दोन वाजता आठवतं.

पैसे असे गेले: पहिल्या महिन्याचं भाडं ७,५००, दोन महिन्यांचं डिपॉझिट १५,०००, एजंटला एक महिन्याचं भाडं ७,५००, आणि 'मेंटेनन्स' म्हणून २,०००, जे परत मिळत नाहीत. एकूण ३२,०००, वीस मिनिटांत, फोनवरून. मेस यात नाही. पावतीवर 'डिपॉझिट' हा शब्दच नाही, 'ॲडव्हान्स' लिहिलंय, ते घरी येऊन चष्मा लावल्यावर दिसलं. करार तर नाहीच. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ च्या कलम ५५ प्रमाणे असा करार लेखी आणि नोंदणी केलेला असावा लागतो, आणि तो करून घेण्याची जबाबदारी घरमालकाची असते. मी हे आता सांगतेय. तिथं उभी असताना मी फक्त "बरं बरं" म्हणत होते.

आता तो रस्ता. तिसऱ्या फेरीत सामान टाकलं आणि मी म्हटलं, चल, चालूया. पीजी महामार्गाच्या या अंगाला, कॉलेज त्या अंगाला. पहिली चारशे पावलं गल्ली आहे, ठीक आहे. मग सर्व्हिस रोड लागतो. फुटपाथ नाही. जिथं आहे तिथं वडापावची गाडी आहे. उलट्या दिशेनं येणाऱ्या दुचाक्यांना तिथं कुणी उलट्या समजत नाही. पाऊस नव्हता तरी एका ठिकाणी घोट्याएवढं पाणी होतं. मग पुलाखालून ओलांडायचं. नवले पुलाचं नाव तुम्ही बातम्यांत वाचलेलं असणारच: कात्रजच्या नव्या बोगद्यातून तीव्र उतार खाली येतो, अवजड गाड्यांचे ब्रेक निकामी होतात आणि पुढच्या दहा गाड्या चेपतात. पोरी खालून जातात हे खरं, पण तिथल्या हॉर्ननं माझ्या छातीत धडधडलं.

फोननं अंतर दाखवलं २.१ किलोमीटर. मोकळ्या हातानं सत्तावीस मिनिटं. परत येताना एकतीस, कारण लेकीची सॅक मी घेतली होती आणि लॅपटॉप आत होता. संध्याकाळी सहाला पुन्हा गेलो, मुद्दाम, गर्दीच्या वेळी: एकोणतीस, त्यातली पाच नुसती रस्ता ओलांडायला उभं राहण्यात. आमचे हे गाडीत बसून होते. म्हणाले, आता पुरे. मी म्हटलं, नाही, अंधारात एकदा. अंधारात दोन दिवे बंद होते. ते मोजले, वेळ मोजायची राहिली.

एजंटला फोन केला. म्हणाला, "काकू, पोरी शॉर्टकटनं जातात." शॉर्टकट म्हणजे एका सोसायटीच्या मागच्या फाटकातून. तिथला वॉचमन म्हणाला, बाहेरच्यांना इथून नाही. दहा मिनिटांचा उगम सापडला, रस्ता काही सापडला नाही.

माझं मत सरळ आहे. पैसे देण्याआधी पोरीबरोबर तो रस्ता चाला. तिची सॅक भरून, तिच्या रोजच्या चपलेत, कॉलेज सुटायच्या वेळेला. एजंटच्या स्कूटरवर नको, स्वतःच्या गाडीत तर मुळीच नको. आणि चालून होईपर्यंत फोन खिशात ठेवा, पैसे त्यातूनच जातात.

येण्याजाण्याचं. कोल्हापूर ते पुणे साधारण २३० किलोमीटर. "चार तासांत जाता हो" म्हणणारा माणूस बहुतेक कराडपर्यंतच गेलेला असतो. सहापदरीच्या कामात कागल ते साताऱ्यापर्यंत जागोजागी वळणमार्ग आहेत. आम्हाला जाताना सहा तास लागले. किणी, तासवडे, आनेवाडी, खेड शिवापूर, चार टोलनाके. फास्टॅगमध्ये पैसे आहेत का ते गाडी काढण्याआधी बघा, किणीला बघू नका. खंबाटकीला पुण्याकडे जाताना बोगदा लागतो. तो संपला की एस आकाराचं वळण आहे, तिथं टपावर सामान असेल तर हळू.

टपावर आमच्या गादी होती. लक्ष्मीपुरीत पिंजून घेतलेली कापसाची गादी, वर प्लास्टिक, दोरीनं आवळलेली. सासरे, मी त्यांना मामा म्हणते, निघताना म्हणाले, "ती गादी कशाला घेतायसा? वळकटी न्या की." मामा स्वतः आजऱ्याकडून कोल्हापुरात शिकायला आले ते वळकटी आणि पत्र्याची ट्रंक घेऊन, आणि बोर्डिंगात राहिले. या गावाला वसतिगृहांची सवय जुनी आहे. १९०१ साली शाहू महाराजांनी व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंग काढलं, मग जैन, मुस्लिम, लिंगायत, एकेका समाजाच्या पोरांसाठी बोर्डिंगं उभी राहिली. दसरा चौकातून जाताना त्या इमारती रोज दिसतात. बाहेरगावच्या पोरांची सोय करणारं गाव हे. आणि त्याच गावची मी, पोरीला बाहेर पाठवताना झोपायची जागा नीट बघू शकले नाही. मामा हे बोलले नाहीत. त्यांनी फक्त गादीकडे बघितलं.

साताऱ्याच्या पुढं पाऊस आला, प्लास्टिक फाटलं, गादी भिजली. पुण्यात पोचेपर्यंत तिचं वजन दुप्पट झालं होतं. तिथं कोपऱ्यावरच्या दुकानात फोमची गादी १,४०० ला मिळाली. कापसाची आता आमच्या गच्चीवर वाळतेय. गादी नेऊ नका.

पावसावरून आठवलं, हे फक्त कोल्हापूरकरांसाठी. प्रवेशाची धावपळ नेमकी जुलै-ऑगस्टात असते, आणि तेव्हाच पंचगंगा वर येते. राजाराम बंधाऱ्याजवळ ३९ फूट इशारा पातळी, ४३ फूट धोका पातळी. २०१९ आणि २०२१ ला शिरोलीजवळ पाणी येऊन महामार्गच बंद पडला होता. रिपोर्टिंगची, म्हणजे कॉलेजात हजर व्हायची, तारीख शेवटची असेल आणि पाणी चढत असेल, तर वाट बघू नका, दोन दिवस आधी जाऊन पुण्यात कुणाकडे तरी पडा.

रेल्वेचं म्हणाल तर बसायला छान, पण पुणे स्टेशन शहराच्या दुसऱ्या टोकाला. नऱ्हे-आंबेगावला जायचं तर स्वारगेट जवळ पडतं. वंदे भारत २०२४ पासून आहे, रोज नाही, आठवड्यातून तीन दिवस. पोरीला एकटीनं यायला एसटीच बरी, बायकामुलींना २०२३ पासून अर्धं तिकीट आहे. बारावीची परीक्षा झाल्यावर लेकीला मी दोनदा एकटीला एसटीनं सांगलीला मावशीकडे पाठवलं होतं. दुसऱ्यांदा ती चुकून मिरजेच्या गाडीत बसली आणि तिथून दुसरी गाडी पकडून पोचली. तयारीतलं कामाला आलेलं तेवढंच.

कारण बाकीची तयारी पाण्यात गेली. दोन महिने मी तिला भाकरी शिकवली. कुकर, पिठलं, फोडणी, तांबड्या रश्श्याचं वाटणसुद्धा. पीजीत गॅस नाही, इंडक्शनला बंदी, परात ठेवायला जागा नाही. कांदा-लसणाची चटणी दोन किलो दिली, ती तीन दिवसांत खोलीतल्या दोघींनी अर्धी संपवली, त्याबद्दल तक्रार नाही. शिकवायचं राहिलं ते हे: पावती पूर्ण वाचल्याशिवाय पैसे द्यायचे नाहीत, मोठ्या माणसाला "थांबा" म्हणायचं, दवाखान्यात एकटीनं जाऊन काय होतंय ते सांगायचं, रात्री रिक्षात बसताना नंबर कुणाला पाठवायचा. यातलं पहिलं मलाच येत नाही हे सिद्ध झालंय.

कागदांचं, घाईत. आमच्याकडून मूळ दाखला, गुणपत्रकं, जातीचे कागद कॉलेजात जमा करून घेतले. त्याआधी झेरॉक्सचे पाच संच काढा आणि फोनमध्ये स्कॅन ठेवा. रॅगिंगविरोधी प्रतिज्ञापत्र दोन लागतात, एक मुलीचं, एक पालकाचं. हेल्पलाइन १८००-१८०-५५२२ तिच्या फोनमध्ये आईच्या नंबरखाली टाका. लेकीला अठरा पूर्ण व्हायला दोन महिने आहेत, म्हणजे करारावर तिची सही चालत नाही आणि बँकेचं खातंही अजून अल्पवयीन मुलीचं आहे. अठरा झाल्या झाल्या ते बदलून घ्यावं लागतं, आणि खातं कोल्हापुरात असेल तर त्यासाठी एक चक्कर पडू शकते. आधी शाखेत विचारा. शिष्यवृत्तीचे पैसे आधारला जोडलेल्या खात्यातच येतात.

आणि "मुलींना फी माफ" हे अर्धंच ऐकू नका. २०२४-२५ पासून ईडब्ल्यूएस (आर्थिक दुर्बल), एसईबीसी (मराठा आरक्षणाचा प्रवर्ग) आणि ओबीसी मुलींना, घरचं उत्पन्न आठ लाखांच्या आत असेल आणि प्रवेश कॅपमधून असेल तर, शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क माफ आहे. मोठी गोष्ट आहे, आमचा प्रवेश त्यामुळेच झाला. पण राहणं, जेवण, डिपॉझिट, पुस्तकं, येणंजाणं आपलंच. गल्लीत सगळे म्हणत होते, आता तुम्हाला काय, फुकटच की. बत्तीस हजार तरी पहिल्याच दिवशी गेले.

आता पुढचं. पीजीला महिन्याची नोटीस दिलीय. डिपॉझिटचं काय होतं ते होवो, लेखी मागितलंय. दुसरी खोली लेकीनंच शोधली, वर्गातल्या एका इचलकरंजीच्या पोरीकडून कळली, कॉलेजच्याच अंगाला, भाडं हजारानं जास्त. काल निघायच्या आधी आम्ही दोघी तिथून कॉलेजच्या फाटकापर्यंत चाललो. ती पुढं, मी मागं. अकरा मिनिटं. फाटकाशी ती म्हणाली, "आई, आता बस गाडीत. मी जाते." मी बसले. खेड शिवापूरपर्यंत आम्ही दोघं काही बोललो नाही, नंतर हे म्हणाले, चहा घ्यायचा का.

रेल्वेचं आरक्षण साठ दिवस आधी उघडतं. दिवाळीच्या आधीच्या शुक्रवारची तारीख काढून ठेवलीय आणि सकाळी पावणेआठचा गजर लावलाय. तुमची पोरं पुण्यात असतील तर तुम्हीही लावा, आमचं तिकीट निघाल्यावर.